पत्ता तोच, पेटी नवी

ऊस लावला की शेतकऱ्याचा कारखान्याशी व्यवहार सुरू होतो तो कागदावर. आधी लागणीची नोंद, मग उधारीच्या खताची चिठ्ठी, मग तोडीची पाळी, मग काट्यावरची वजनाची पावती आणि सगळ्यात शेवटी बिल. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला तर तो 16 ते 18 महिने रानात उभा असतो, आणि तेवढा सगळा काळ घरातलं कुणीतरी या कागदांच्या मागं असतं. तोड कधी येणार हे वेळेत कळलं नाही तर नुकसान रानातच दिसायला लागतं. पक्व ऊस उभा राहिला की तुरा येतो, वजन घटतं. तोडलेला ऊस बांधावर पडून राहिला की तासागणिक साखर उतरते.

म्हणजे नोंद एका जागी, आणि ती ज्याला हवी तो माणूस दुसऱ्या जागी. नोंद ठेवायची साधनं बदलत गेली. वही गेली, कॉम्प्युटर आला, मोबाइल आला. साधन बदलत असताना मधल्या दिवसांत माणसाला आपली नोंद दिसत राहिली पाहिजे, हा पेच मात्र प्रत्येक वेळी नव्यानं पडला. आज एखादी कंपनी ईमेलचा सर्व्हर बदलते तेव्हा तिच्यापुढे नेमका हाच पेच असतो. कोल्हापूर जिल्ह्याला तो ईमेलच्या आधीपासून ओळखीचा आहे, आणि त्याचं सगळ्यात चांगलं, नीट लिहून ठेवलेलं उदाहरण वारणेकाठी आहे.

पन्हाळा तालुक्यात कोडोलीला लागून वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी 1950च्या दशकात इथं सहकारी साखर कारखान्याची उभारणी केली आणि त्याभोवती दूध संघ, वारणा बझार, शाळा-कॉलेजं, मुलांचा वाद्यवृंद असं एक गावच वसत गेलं. मे 1998मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारनं माहिती तंत्रज्ञानासाठी कृतिदल नेमलं. खेड्यापर्यंत कॉम्प्युटर पोचवून दाखवायचा तर तो कुठं, या प्रश्नाला त्या वेळी वारणा हे उत्तर मिळालं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली 70 गावं निवडली गेली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, तांत्रिक बाजू सांभाळली. निम्मा पैसा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा आणि उरलेला वारणेच्या संस्थेचा. योजनेला नाव मिळालं ‘वायर्ड व्हिलेज’.

कागदावरचं स्वप्न मोठं होतं. गावातल्या केंद्रात सातबारा मिळेल, बाजारभाव कळतील, पिकावरच्या रोगाचा सल्ला मिळेल, इंटरनेट असेल. पुढे अभ्यासक पाहायला आले तेव्हा त्यांना दिसलं की ही केंद्रं प्रामुख्यानं एकाच कामासाठी वापरली जात होती: उसाचा हिशेब. अनेकांनी यावरून योजना फसली असा निष्कर्ष काढला. तो घाईचा होता. लागणीची नोंद करायला किंवा खताची चिठ्ठी आणायला ज्याला अख्खा दिवस मोडून वारणानगर गाठावं लागत होतं, त्याचं काम आता गावातल्या गावात होत होतं. 50हून अधिक गावांत केंद्रं चालू होती. शेतकरी यायचा, आपला नंबर सांगायचा, केंद्रावरचा मुलगा तो टाइप करायचा आणि पडद्यावर त्याचं रान, त्याची लागण, त्याची उधारी उभी राहायची. ऊस पिकवणाऱ्या माणसाला इंटरनेटपेक्षा हे हवं होतं आणि त्यानं तेच घेतलं, यात त्याचा शहाणपणाच दिसतो.

खरी अडचण यंत्रांची होती. खेड्यातली वीज जाते, धूळ असते, तार तुटते. कॉम्प्युटर जुने होत गेले, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. 2000च्या दशकाच्या मध्यावर बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंटारो टोयामा वारणेत काम करू लागले. त्यांनी आधी बारकाईनं पाहिलं की केंद्र आणि कारखाना यांच्यात जाते-येते ती माहिती असते तरी किती. उत्तर थक्क करणारं होतं: अगदी थोडी. सभासदाचा नंबर, एक मागणी, एक आकडा. एवढं तर एका एसएमएसमध्ये मावतं.

एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं 160 बसतात, देवनागरी फक्त 70. पण नंबर आणि ठरीव संकेत पाठवायचे तर 160 म्हणजे ऐसपैस जागा. त्यांनी कॉम्प्युटरच्या जागी मोबाइल आणला. गावातून प्रश्न एसएमएसनं जायचा, कारखान्याकडच्या कॉम्प्युटरला जोडलेला फोन तो घ्यायचा आणि उत्तर उलट एसएमएसनं यायचं. प्रयोगाचं नाव ‘वारणा अनवायर्ड’. सात गावं, आठ महिने. कॉम्प्युटरवर होणारं प्रत्येक काम मोबाइलवर झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत आधीच्या पद्धतीपेक्षा जास्त आवडली, असं त्या तिघांच्या निबंधात नोंदलेलं आहे.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा प्रयोग ‘कॉम्प्युटर की मोबाइल’ या वादाच्या अंगानं सांगितला जातो. इथं त्याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. हिशेबाची मूळ नोंद वारणानगरलाच राहिली, शेतकऱ्याचा नंबर तोच राहिला आणि बदललं ते फक्त नोंदीपर्यंत पोचायचं दार. तेही सगळ्या गावांत एका रात्रीत बदललं नाही. सात गावांत नवं दार उघडलं तेव्हा बाकीच्या गावांत जुनंच चालू होतं. ईमेलचा सर्व्हर हलवणारी माणसं आज ज्याला क्लायंट ॲक्सेस म्हणतात तो हाच: पेटी कुठंही असो, ज्याची पेटी त्याला ती उघडता आली पाहिजे, त्याच नावानं, त्याच किल्लीनं.

नाव तेच ठेवून आतली व्यवस्था बदलायची ही युक्ती टपालखात्यानं फार आधी वापरली होती. 1891 साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. टपाल बैलगाडीनं आलं काय किंवा रेल्वेनं, पत्र लिहिणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. तो ‘मु. पो.’ लिहायचा, गाव लिहायचा, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर. गोंधळ व्हायचा तो गावांच्या नावांचा. एका कोल्हापूर जिल्ह्यातच शिरोली पुलाची आहे आणि शिरोली दुमाला आहे. पेठ वडगाव एक, आणि नुसतं वडगाव म्हणवणारी कितीतरी. देशभराचा विचार केला तर नावं तीच, लिप्या वेगळ्या, आणि पत्रांची वर्गवारी करणाऱ्या माणसाला प्रत्येक लिपी वाचता येणं अशक्य. यावर तोडगा काढणारा अधिकारी मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे कवी आणि नाटककार, केंद्रीय दळणवळण खात्यात वरिष्ठ पदावर होते. त्यांच्या आखणीतून 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा आकडी पिनकोड आला. कोल्हापूरच्या वाट्याला 416नं सुरू होणारे क्रमांक आले. पहिला 4 पश्चिमेकडच्या विभागाचा आणि पहिले तीन आकडे मिळून वर्गवारीचा जिल्हा.

वेलणकरांच्या आखणीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. पिनकोड आला म्हणून जुना पत्ता बाद झाला नाही. खालच्या ओळीला सहा आकडे जोडायचे, एवढंच. ज्यानं जोडले नाहीत त्याचंही पत्र पोचत राहिलं, थोडं उशिरा का होईना. टपालखात्याच्या आतली सगळी वाट बदलली आणि लोकांना त्याची सवय सावकाश, वर्षानुवर्षं होऊ दिली गेली. आपल्याकडच्या सगळ्या स्थलांतरांत हे सर्वांत शांतपणे पार पडलेलं म्हणावं लागेल.

टेलिफोनचं तसं झालं नाही. 2002-03च्या सुमारास देशभर जुन्या क्रमांकांच्या आधी 2 लावायचं ठरलं आणि कोल्हापुरातले सहा आकडी नंबर सात आकडी झाले. इथं सवलत नव्हती, 2 लावला नाही तर फोन लागायचा नाही. लेटरहेड पुन्हा छापावी लागली, व्हिजिटिंग कार्डांवर पेननं दुरुस्त्या झाल्या. कुठल्याही गावात जुन्या दुकानाची रंगवलेली पाटी नीट पाहिली तर कधीकधी नंबरातला पहिला 2 वेगळ्या हातानं, थोडा वेगळ्या रंगात आणि समासात दाटीवाटीनं घातलेला दिसतो.

ईमेल आला तो आणखी एका चुकीसह. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमानं, व्हीएसएनएलनं, सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं, सुरुवातीला मोठ्या शहरांपुरतं. ज्या गावात केंद्र नाही तिथल्या माणसानं मोठ्या शहराला एसटीडी लावून मोडेमची किणकिण ऐकत बसायचं. त्या वेळी मिळालेले ईमेल पत्ते आज वाचले तर गंमत वाटते. ‘ॲट’च्या पुढे मुंबईच्या माणसाला ‘जीआयएएसबीएम01’ असलं काहीतरी, नाहीतर ‘बॉम3’, आणि पुण्याच्या माणसाला ‘पीएन2’ किंवा ‘पीएन3’, त्यापुढे व्हीएसएनएलचं नाव. ही गावांची नावं नव्हती, सर्व्हरची होती. माणसाचा पत्ता एका ठरावीक यंत्राला बांधलेला होता. यंत्र जुनं झालं, बदललं, की पत्ताही बदलायचा. पुढे सरकारी दूरसंचार कंपनीची संचारनेट सेवा आली. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीच्या कित्येक उद्योजकांची पहिली ईमेल ओळख तिथली होती. काही वर्षांत तीही मागं पडली. परदेशच्या ज्या ग्राहकाकडे तो पत्ता लिहिलेला होता, त्याची मेल त्यानंतर कुठं गेली असेल?

ही चूक टाळायचा उपाय तेव्हाही अस्तित्वात होता. जानेवारी 1986मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी इंटरनेटच्या नावांच्या नोंदवहीत एक नवी ओळ कशी वापरायची ते लिहून ठेवलं. तिला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. कंपनीच्या नावापुढे एवढंच लिहायचं की या नावाची मेल सध्या अमुक यंत्राकडे द्या. उद्या यंत्र बदललं तर ओळ बदलायची, नाव तसंच. वेलणकरांनी पत्रांच्या बाबतीत जे साधलं, तेच पार्ट्रिज यांनी ईमेलसाठी केलं: पत्ता माणसाचा, वाट खात्याची.

तरी प्रत्यक्षात सर्व्हर हलवणं सोपं नसतं, आणि त्याचं कारण सर्व्हरमध्ये क्वचितच असतं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्री आणि मशीनशॉपची जुनी ऑफिसं डोळ्यांपुढे आणावीत. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, त्यावर जुनं आउटलुक, आणि सगळी मेल पॉप पद्धतीनं त्या एकाच यंत्रात उतरवून घेतलेली. पॉपची साधी सेटिंग अशी की मेल उतरली की सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. म्हणजे दहा वर्षांच्या ऑर्डरी, कास्टिंगची ड्रॉइंग, ग्राहकाशी झालेली भावाची बोलणी, हे सगळं एका हार्डडिस्कवर, एका फाइलमध्ये. जुन्या आउटलुकची ती फाइल 2 जीबीच्या आसपास पोचली की खराब व्हायची. सर्व्हर नवा घेतला म्हणून ही मेल आपोआप तिकडे जात नाही, कारण ती सर्व्हरवर नसतेच. ‘नवीन सिस्टीममध्ये माझी जुनी मेल दिसत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

जाणता माणूस म्हणून सुरुवात यंत्रांपासून करत नाही, माणसांपासून करतो. कोण कुठून मेल पाहतो याची यादी करतो. हिशेबनीस कॉम्प्युटरवर, मालक फोनवर, विक्रीवाला प्रवासात ब्राउझरमध्ये. या यादीत हमखास सुटतात ती माणसं नसलेली गिऱ्हाइकं: झेरॉक्सचं यंत्र जे स्कॅन केलेला कागद मेलनं पाठवतं, बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर, रोज रात्री अहवाल पाठवणारा वजनकाट्याचा कॉम्प्युटर. त्यांना नवं दार कुणी सांगितलं नाही तर ती तक्रारही करत नाहीत. महिन्यानं ग्राहक विचारतो की तुमचं बिल का आलं नाही.

मग तारीख ठरते. एमएक्सची ओळ जगभरच्या यंत्रांच्या स्मरणात सहसा काही तासांपासून एक दिवसापर्यंत राहते. ती मुदत दोन दिवस आधी पाच मिनिटांवर आणून ठेवायची, म्हणजे बदल केल्यावर तो लगेच पसरतो. नव्या सर्व्हरवर त्याच नावांच्या पेट्या आधीच तयार ठेवायच्या आणि जुनी मेल तिकडे उतरवायला घ्यायची. ओळ बदलली तरी जुना सर्व्हर बंद करायचा नाही, कारण कुणाच्या तरी यंत्राला जुनाच पत्ता आठवत असतो आणि एखादी ऑर्डर तिकडे जाऊन पडते. आणि एखादा तास नवं दार उघडलंच नाही तरी घाबरायचं कारण नसतं. मेलचे नियम सांगतात की पाठवणाऱ्या सर्व्हरनं समोरचा बंद दिसला तर निदान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. जिन्यात उभं राहून पुन्हा बेल वाजवणाऱ्या पोस्टमनसारखा तो थांबतो. थांबत नाही तो ऑफिसातला माणूस. फोन सारखा पासवर्ड मागतोय, एवढंच त्याला दिसतं, आणि आपली मेल गेली अशी त्याची खात्री होते.

मोठ्या कंपन्यांसाठी यावर एक खास उपाय निघाला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरमध्ये 2007च्या आवृत्तीपासून क्लायंट ॲक्सेस सर्व्हर नावाचा वेगळा भाग आला. तो पुढच्या दारातल्या देवडीवानासारखा. 2010च्या आवृत्तीत आउटलुकसुद्धा त्याच्यामार्फतच आत जाऊ लागलं, त्याआधी ते थेट पेटीच्या यंत्राशी बोलायचं. देवडीवान मध्ये उभा राहिल्यामुळे पेटी मागच्या कोणत्या खोलीत आहे हे बाहेरच्याला कळायची गरज उरली नाही. अर्ध्या पेट्या जुन्या यंत्रावर आणि अर्ध्या नव्या यंत्रावर असतानाही सगळे एकाच नावानं दार ठोठावू शकत होते. पेटी हलत असताना माणसाला काम करत राहता येऊ लागलं, शेवटचे काही क्षण सोडले तर. ज्यांनी त्याआधी शनिवारी रात्री सर्व्हर बंद करून सोमवारच्या सकाळची धास्ती घेत स्थलांतरं केली होती, त्यांना हा बदल केवढा मोठा वाटला असेल.

याच तत्त्वावर पुढे अवाढव्य कामं झाली. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 4 जुलै 1996 रोजी सुरू केलेली हॉटमेल मायक्रोसॉफ्टनं घेतली आणि 2013 साली तिच्या सुमारे 30 कोटी पेट्या अवघ्या सहा आठवड्यांत आउटलुक डॉट कॉमवर नेल्या. ज्याचा पत्ता हॉटमेलचा होता त्याचा तो तसाच राहिला. अलीकडे केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची मेल एनआयसीच्या जुन्या व्यवस्थेतून झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेत गेली. पत्त्याच्या शेवटी असलेलं सरकारचं नाव बदललं नाही. वारणेच्या 70 गावांसाठी 1998मध्ये कॉम्प्युटरची मांडणी केली ती याच एनआयसीनं.

या सगळ्याच्या उलटही एक उदाहरण आहे. 14 जुलै 2013 रोजी तारसेवा कायमची थांबली. शेवटच्या दिवशी देशभर तारघरांत रांगा लागल्या, लोक नातवंडांना घेऊन आठवण म्हणून तार करायला आले. ती सेवा कुठं हललीच नाही, संपली. तिच्या पत्त्यांची, म्हणजे व्यापारी पेढ्यांनी नोंदवलेल्या त्या छोट्याशा एका शब्दाच्या तारपत्त्यांची, नवी पेटी कुणी केली नाही. जुन्या लेटरहेडवर ‘ग्रॅम’ या शब्दापुढे तो शब्द अजून वाचायला मिळतो.

उसाच्या रानात मात्र दार बंद पडलं नाही. राज्यातले अनेक साखर कारखाने आज सभासदाच्या उसाचं वजन थेट त्याच्या मोबाइलवर पाठवतात. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं, ऊस गव्हाणीत खाली होतो, रिकामी ट्रॉली परत काट्यावर येते. दोन्ही वजनांची वजाबाकी होते. रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि ट्रॅक्टरवाला चहाच्या टपरीकडे वळलेला असतो. तिकडे गावात उशाशी ठेवलेला फोन वाजतो. झोपेतून उठलेला माणूस चष्मा शोधतो, पडद्यावर आपला सभासद नंबर ओळखतो, त्यापुढचा टनांचा आकडा वाचतो, आणि दिवा लावून तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात, पेननं लिहून ठेवतो.